हातभर अंतर

सासू जवळ गेलं की बहिरी आणि लांब गेलं की कानाची तिखट, असं कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, सगळ्याच सासवा तशा. पण माझी सासू खरोखरच तशी झाली होती, आणि तीही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. डोळा सुधारला आणि कान गेला, असं आमच्या बदलापूरच्या चाळीत जो तो म्हणायचा.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात. त्यांचं नाव गयाबाई. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, कापडाच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये त्यांनी उभी हयात काढली. मागांचा खडखडाट कानाचं काही ठेवत नाही. तरी ऑपरेशनआधी समोरासमोर बसून आमच्या गप्पा चालायच्या. लांबून मारलेली हाक तेवढी त्यांना कळायची नाही. ऑपरेशननंतर सगळं उलटं झालं. मी दारातून "आत्या, चहा?" म्हटलं की लगेच "घेते गं" यायचं. कप हातात देताना "साखर कमी टाकलीय" म्हटलं की नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मग मान वळवायच्या.

"वेड पांघरून पेडगावला चाललीय म्हातारी," शेजारची कुंदा म्हणाली. मीही काही गरीब गाय नाही. मी बोलणं टाकलं.

माझा नवरा हरिचंद्र मात्र तेव्हा आपल्याच नादात होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत तो डिझाइनचं काम बघायचा. ब्याण्णव साली कंपनीने मनावर घेतलं, की बायफोकलची ती मधली रेघ घालवायची. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मध्ये नंबर हळूहळू बदलत जाणार. ऐकायला सोपं. पण रेघ पुसली की तिचा कचरा काचेच्या दोन्ही कडांना साचतो आणि तिथून सरळ दारही वाकडं दिसतं, असं तो सांगायचा. मधली स्वच्छ जागा उरते ती एखाद्या बोळाएवढी. साहेब म्हणाले होते, दुकानात गिऱ्हाईक लांबची पाटी बघतं आणि हातातला पेपर बघतं, मधलं कोण बघतो? बोळ अरुंद असू द्या, वर-खाली मैदान द्या. झालं, हरिचंद्र जेवतानासुद्धा आमटीत बोटाने बोळ काढत बसायचा.

एका रविवारी आत्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली. "मी गावाला जाते, चामटोलीला. आपलं घर हाय तिथं."

"एकटी राहणार तिथे?" हरिचंद्रने विचारलं.

त्यांना कळलंच नाही. तो अगदी शेजारी उभा होता. "हितं तरी कोन बोलतंय माज्याशी," त्या आपल्याच तंद्रीत म्हणाल्या.

मला राग आला आणि रडूही आलं, कारण त्याच दिवशी मला एक गोष्ट सांगायची होती. हरिचंद्र पंख्याचं बटण बघायला दारापाशी गेला, तेव्हा मी त्याला गाठलं. लांबून आत्यांना सगळं ऐकू येतं हे ठाऊक होतं. म्हणून आवाज न काढता मी नुसते ओठ हलवले, "दिवस गेलेत मला."

"काय?" हरिचंद्र म्हणाला.

खोलीच्या त्या टोकाकडून, खाटेवरून आवाज आला, "दिवस गेलेत म्हनतीय ती, बहिऱ्या!"

हरिचंद्रचं तोंड आधी उघडलं आनंदाने आणि मग तसंच राहिलं. मी आवाजच काढला नव्हता. तो आईसमोर हातभर अंतरावर जाऊन बसला आणि त्यानेही नुसते ओठ हलवले, "आई, जेवलीस?" त्या कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या. तो भिंतीपर्यंत मागे गेला आणि पुन्हा तसंच केलं.

"जेवले की. तूच वाढलंस न्हवं?"

तेव्हा आम्हाला कळलं. मागावरच्या बाया एकमेकींचं बोलणं ओठांवरून वाचायच्या, आणि आत्या ते इतकी वर्षं करत आल्या होत्या की त्यालाच त्या ऐकणं समजत होत्या. मोतीबिंदू असताना त्यांना लांबचं धूसर दिसायचं आणि हातभरावरचं बऱ्यापैकी. आता डोळ्यात भिंग बसलं, वर बायफोकल चष्मा आला. लांबचं लख्ख, हातातलं लख्ख, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तेवढा पुसट.

"मी जो बोळ अरुंद करत बसलोय ना," हरिचंद्र मला बाहेर घेऊन जाऊन म्हणाला, "तिथे आई ऐकते." त्याचे डोळे भरले होते. "तिला सांगू नकोस. ऐकू येतंय असं तिला वाटतं ना, वाटू दे."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण आईपुरता वेगळा चष्मा करायला हो म्हणाले. मधलं रुंद केलं की लांबचं आणि जवळचं आकसणार होतं. काय कमी करू, असं त्याने भिंतीपाशी उभं राहून आईलाच विचारलं.

"लांबचं काय बघायचंय मला? डोंगर काय पळून चाललाय? अन् सुई ओवायला सून हाय. मानसं दिसू देत."

पहिली जोडी फसली. मधली जागा खाली गेली होती, आणि चेहरा बघायला आत्यांना पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर करावी लागायची. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बाळंतपण करून देईन, मंग जाईन. मांडीवरचं पोर माज्याशी काय बोललं ते कळायचं न्हाय, तर मी कशाला हवी?" ट्रंक भरून दाराशी आली ती तिथेच राहिली. येता-जाता तिला माझा पाय लागायचा.

दुसऱ्या जोडीत हरिचंद्रने मधली जागा वर, थेट नजरेसमोर आणली. लांबचं फक्त वरच्या काठाशी उरलं. त्याने आईच्या नाकावर चष्मा बसवला आणि बाजूला झाला.

मला पाचवा महिना होता. मी खाटेपाशी खाली बसले, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आवाज मुद्दामच काढला नाही. मी नुसते ओठ हलवले, "आत्या, जाऊ नका. मला तुम्ही घरात हव्या आहात."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. हात पुढे करून माझ्या गालावरचं पाणी पुसलं.

"ती ट्रंक हरीला आत ठिवाया सांग, तू उचलू नको," त्या म्हणाल्या. "आन् हळू बोल गं. येवढी वरडतेस कशाला, समदी चाळ गोळा व्हईल."