काळ्या नखाची खुर्ची

मी एक जुनी कातडी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुम्हीही माझ्यासारखीच एक पांघरून बसला आहात, फक्त तिच्याशी तुमची नीट ओळख झालेली नाही.

माझ्या मालकाचे नाव ऑरेस्ट. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, एका गहू पिकवणाऱ्या गावात त्याचा जन्म झाला, तेव्हा मी गुलाबी होते आणि माझ्यावर एकही डाग नव्हता. येईल तो माझा मुका घेई. तेवढेच माझे कौतुकाचे दिवस. त्यानंतरच्या अडुसष्ट वर्षांत कोणी मला शाबासकी दिल्याचे आठवत नाही.

मी दिसते तेवढी साधी नाही. माझ्या वरच्या बाजूला एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या पेशींचा पातळ थर आहे. त्याला अभिस्तर ऊती म्हणतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या पेशी मेलेल्या असतात. त्या झडतात आणि खालून नव्या येतात, हे काम मी झोपेतही थांबवत नाही. या थराच्या तळाशी रंगपेशी बसतात आणि उन्हापासून मला सांभाळतात. त्याखाली संयोजी ऊतींचे चिवट धागे, आणि त्या धाग्यांत रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे. अंगावर काटा उभा करणारे इवलेसे स्नायू आहेत, थंडी आणि चटका मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोके आहेत. सर्वांत खाली चरबीची गादी. ती ऑरेस्टने पोटावर जरा जास्तच जाड करून घेतली आहे. नखेही माझीच बरे का. मीच ती घडवते.

ऑरेस्टने आयुष्यभर धान्याच्या कोठारात काम केले. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्याने मला भेगा पडत. गव्हाच्या धुळीने हातावर इसब उठे, आणि दिवसभर बुटांत कोंडलेल्या बोटांच्या फटींत चिखल्या होत. मी खाजून सांगितले की तो खाजवायचा आणि आग झाली की मलम चोपडायचा. न खाजता, न दुखता मी काही सांगू पाहत असेन, हे मात्र त्याच्या गावीही नव्हते.

त्याचा जीव होता बर्फावरच्या हॉकीत. गावातल्या म्हाताऱ्यांचा एक संघ होता आणि त्यांची एक रीत होती. सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीत सगळे बूट-मोजे काढून पाय बाकावर ठेवत. ज्याच्या अंगठ्याचे नख सर्वांत काळे, त्याने या खेळातली रबराची कडक चकती पायावर झेलून गोल वाचवला, असे धरले जाई. हीटरजवळची खुर्ची आणि बीटाच्या सूपचा पहिला वाडगा त्याचा. दोन हिवाळे ती खुर्ची ऑरेस्टकडे होती. तो तिच्यात असा रेलून बसे की जणू सासऱ्याने हुंड्यात दिली आहे.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. त्याच्या डाव्या अंगठ्यावर चकती बसली होती, रक्तही साकळले होते. पण ते रक्त वाढत्या नखाबरोबर पुढे सरकत गेले आणि संपले. मागे राहिली ती काळी रेघ रक्ताची नव्हती. नखाच्या मुळाशी बसलेल्या माझ्याच काही रंगपेशी बिथरल्या होत्या. त्या वाटेल तशा वाढत होत्या, आणि अशा पेशी कधीतरी रक्तातून दूर निघून जातात. मग माणूस हाती लागत नाही. हे मी त्याला सांगणार कसे? मला खाज आणि कळ एवढीच भाषा येते, आणि ती रेघ ना खाजत होती ना दुखत होती. मला फार भीती वाटत होती.

नव्या वर्षाच्या सामन्याआधी ऑरेस्टने आपणच जिंकणार अशी फुशारकी मारली. त्याची बायको स्टेफा म्हणाली, हरलात तर तुझ्या पायाची दहाही नखे मी रंगवणार. ते सपाटून हरले. स्टेफाने संघाचाच हिरवा रंग आणला आणि पैज वसूल केली. खोलीत हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सर्वांत मोठ्याने हसला तो व्हर्न, ऑरेस्टचा शाळेपासूनचा मित्र. तुझे काळे पदक रंगाखाली झाकले गेले, आता खुर्ची सोड, असे म्हणून त्याने स्वतःचे काळे नख पुढे केले आणि खुर्ची बळकावली. ऑरेस्टनेही चिडून रंग काढला नाही. पैज म्हणजे पैज.

ईस्टरच्या आधी स्टेफा स्वयंपाकघरात सणासाठी अंड्यांवर नक्षी काढत होती आणि ऑरेस्ट गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याने पाय पुसायला वर घेतले, तशी ती थांबली.

"पाय इकडे कर. हे बघ, नऊ नखांवरचा रंग पुढे सरकलाय. मागे कोरं नख आलंय."

"मग? नखं वाढतात."

"आणि या दहाव्यात मागूनही काळंच येतंय. मार असता तर तोही पुढे गेला असता ना? शिवाय काळं आता कातडीवर उतरलंय."

"शनिवारी शेवटचा सामना आहे. तो होऊ दे."

"तू नसलास तर हरतील म्हणतोस? तू असतानाही हरतातच की. ऊठ, बूट घाल."

तिचा आवाज चेष्टेचा होता, पण माझ्यावर टेकलेली तिची बोटे गार पडली होती.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नखाखालचा एक कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. रंगपेशींचा कर्करोग निघाला. तो दूर पसरला नव्हता, मात्र अर्धा अंगठा काढावा लागणार होता. ऑरेस्टने एवढेच विचारले, की मी पुन्हा बर्फावर उभा राहीन का.

"राहाल," त्या म्हणाल्या. "आणखी उशिरा आला असतात, तर मी असं पटकन हो म्हटलं नसतं."

माझा एक तुकडा गेला, मित्रांनो. मला वाईट वाटले. पण टाके पडले तिथे मी दोन्ही कडा धरून ठेवल्या, नवे धागे विणले आणि जखम बुजवली. तिथे आता गुळगुळीत वण आहे.

हिवाळा आला. पहिल्या सरावानंतर ऑरेस्टने मोजा काढून पाय बाकावर ठेवला. कोणी हसले नाही. त्याने नखाची, रंगाची, सगळी हकीकत सांगितली. हीटरजवळच्या खुर्चीत बसलेला व्हर्न त्या अर्ध्या अंगठ्याकडे बघतच राहिला. त्याने अजून मोजे काढले नव्हते.

"स्टेफाची ती हिरवी बाटली," तो हळूच म्हणाला, "उरलीय का रे थोडी?"

"उरलीय. पण रंग पुढे सरकायची वाट बघत बसायचं नाही. सकाळी गाडी घेऊन येतो, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, तयार राहा."

व्हर्न खुर्चीतून उठला आणि बाकावर ऑरेस्टच्या शेजारी येऊन बसला. त्या दिवशी त्या खुर्चीत कोणीच बसले नाही. सूप बाकावरच वाढले गेले.

मित्रांनो, तुमच्याजवळही माझी एक बहीण आहे. तिला फारसे बोलता येत नाही. अधूनमधून मोजे काढा, उजेडात बसा आणि तिला नीट पाहा. नवा डाग दिसला, जुना बदललेला वाटला, तर मोठ्या माणसांना दाखवा. त्या दिवशी सूप संपल्यावर व्हर्नने अखेर मोजा काढला. ऑरेस्टने तो पाय आपल्या मांडीवर घेतला आणि दिव्याकडे वळवला.