अंबूआजीच्या शेळ्यांना पाला

"मॅडम, भिऊन माणूस मरतं का?"

सहामाहीचा शेवटचा पेपर नुकताच संपलेला. नववी 'ब'च्या वर्गात सगळ्यांचं मन केव्हाच घरी जाऊन उटणं लावून बसलेलं, अन् शाळेनं नेमकं त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक प्रांजल मॅडमना बोलावलेलं. अर्धा तास बोलून त्या म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?" तसा शेवटच्या बाकावरून हा प्रश्न आला.

विचारणारी शिवांजली. अन् "हिंमत असंल तर विचारून दाखव," म्हणून तिला कोपरानं ढोसणारी शेजारची समीक्षा.

सगळा वर्ग खदाखदा हसला. शिवांजलीही हसली, पण बाकाखाली तिचे हात ओढणीला पीळ घालत होते. समीक्षाला हा प्रश्न कुठल्याशा भुताच्या सिनेमावरून सुचला होता. शिवांजली मात्र गेलं वर्षभर तो उशाला घेऊन झोपत होती.

प्रांजल मॅडम हसल्या नाहीत.

"नाही मरत," त्या म्हणाल्या. "पण आता मरणार, असं वाटतं खरं. पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हाताला मुंग्या येतात. ताप चढावा तसं ते चढतं अन् तापासारखंच उतरतं. फक्त लवकर, पंधरा-वीस मिनिटांत. सणासुदीला तर जास्तच होतं. घर माणसांनी भरलेलं, पाहुण्यांचे शंभर प्रश्न, अन् ज्याला होतंय त्याला वाटतं, सगळे मजेत आहेत, बिघडलंय ते माझंच."

"मग करायचं काय?" हा प्रश्न काही समीक्षानं सांगितलेला नव्हता. तोंडातून आपोआप निघाला.

"सांगायचं. होत असतानाच सांगायचं, मला होतंय म्हणून. अन् पुढं काही न विचारणारं एखादं माणूस गाठून त्याच्याजवळ बसायचं. पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तर आईवडिलांना घेऊन माझ्याकडं यायचं. दर मंगळवारी असते मी दवाखान्यात."

त्या दिवशी शिवांजली शाळेतून घरी चालत आलीच नाही. उडतच आली. मरत नाही! वीस मिनिटं फक्त! वर्षभर जे भूत मानगुटीवर बसलं होतं, ते भूत नव्हतंच मुळी. आणखी कुणाकुणाला होतं ते, अन् दवाखान्यात त्याच्यासाठी वार ठरलेला आहे! वाटेतल्या वडापाववाल्याला, रस्त्यावरच्या म्हशीला, सगळ्यांना थांबवून सांगावं असं तिला होऊन गेलं.

झालं होतं असं. गेल्या भाऊबीजेला शिवांजली अन् आईपप्पा, तिघं रहिमतपूरहून सांगलीला गेले होते, मामाकडं. विश्वजितमामाचं घर म्हणजे पाहुण्यांचा बाजार. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसं, त्यात प्रत्येकाचं तेच, "किती टक्के पडले गं? दहावीनंतर काय करणार गं? काय गं, बोलत न्हाईस?" मामा पाटावर बसलेला, आईच्या हातात ताट, निरांजन लावलेलं, अन् तेवढ्यात शिवांजलीचा श्वास अडकला. हातपाय गार. ती ओरडत अंगणात धावली. मग काय, घराचा नूरच पालटला. "बाहेरचं लागलंय पोरीला," असं कुणीतरी म्हणालं. मामीनं लिंबू उतरून टाकलं, अंगारा लावला, वर "आमच्या घरात बी लेकरं हायत," असं बोलून गेली. आईला ते सुईसारखं टोचलं. ती तशीच लेकीला घेऊन निघाली. मामा पाटावर बसून राहिला, न ओवाळलेला.

तेव्हापासून वर्षभर नणंद-भावजयीचं बोलणं बंद. अन् हे सगळं आपल्यापायी, असं शिवांजलीच्या मनानं पक्कं धरलेलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी करंज्यांची पाळी होती. त्या आळीत करंज्या कुणी एकटीनं करत नाही. ज्या घरची पाळी, त्या घरी बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून हजर. पीठ घरचं, सारण घरचं, हात आळीचे. सोप्यात गोल करून सहाजणी बसल्या होत्या. समोरच्या घरातली हरणाबाई गोलातल्या गोलात सगळ्यांच्या चौकशा करत होती. आळीच्या टोकाला राहणारी अंबूआजी भिंतीला टेकून करंज्यांच्या कडा कातत होती. अंबूआजी मूळची माणदेशातली. जन्म मेंढरांमागं गेला, मेंढरं विकून लेकाकडं राहायला आली, आता पत्र्याच्या शेडमध्ये चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या होत्या.

"मग वैनी, भाऊबीजेला कवा निघायचं सांगलीला?" हरणाबाईनं विचारलं.

"यंदा न्हाई जमायचं," आई पोळपाटावरची नजर न काढता म्हणाली. "ह्यांच्या उसाला तोड आलीया."

उसाला तोड यायला अजून महिना होता. हे आळीला ठाऊक, शिवांजलीला ठाऊक. आईला खोटं बोलायची सवय नाही. हातातली करंजी फुटून सारण पोळपाटावर सांडलं. आई ते बोटांनी गोळा करत राहिली, अन् शिवांजलीला सगळं लख्ख दिसलं. आई यंदा भावाला ओवाळणार नाही. आपल्यामुळं.

वेलदोड्याचा वास एकदम नाकात गच्च बसला. बायांचे आवाज लांब गेले. छातीत धाडधाड सुरू झालं. एरवी ती न्हाणीत पळाली असती, तोंडात ओढणी कोंबून बसली असती. आज ती जागेवर उभी राहिली.

"आई, मला होतंय."

"काय होतंय गं?"

"तेच. सांगलीला झालेलं. मरत नाही, मॅडमनी सांगितलंय. पण होतंय."

झालं! लाटणी सहा दिशांना गेली. एक म्हणाली, कांदा फोडा. दुसरी म्हणाली, चप्पल हुंगवा. हरणाबाई मीठ-मोहऱ्यांची बरणी शोधायला सैपाकघरात घुसली.

"गप बसा गं सगळ्याजणी!" अंबूआजीचा आवाज असा, की माळावरचं मेंढरू जागच्या जागी थांबावं. "पोरगी सांगतीया न्हवं, मरत न्हाई म्हणून? मग तुमी कशाला मराया लागलाय?" अन् शिवांजलीचा हात धरून उठली. "चल. शेळ्यांना पाला टाकायचाय."

शेडमध्ये शेवरीच्या फांद्यांचा हिरवा ढीग पडला होता. अंबूआजीनं एक फांदी शिवांजलीच्या हातात दिली, एक स्वतः घेतली अन् खाली बसली. बोलली काहीच नाही. काय झालं, कसं झालं, कवापासनं, काही नाही. शेळी फांदीला हिसका द्यायची, शिवांजली फांदी घट्ट धरायची, पुन्हा हिसका. शेळीच्या तोंडातला कुरकूर आवाज हळूहळू ऐकू यायला लागला. मग पत्र्यावरून उडणारा कावळा. मग स्वतःचा श्वास, आत येणारा, बाहेर जाणारा. उतरलं. खरंच उतरलं!

"मला बी हुतं," अंबूआजी शेळीकडंच बघत म्हणाली.

"काय?"

"हेच. सणाला घर भरलं, की भित्ताडं जवळ सरकल्यागत वाटत्यात. मग मी हितं येती. म्हातारीला शेळ्यांचं लय याड हाय, म्हणत्यात समदी. म्हणंनात." तिनं दुसरी फांदी उचलली. "साठ वर्सं झाली. कुणाला बोलले न्हाई. तू आज बोललीस, म्हणून बोलले."

चौदा वर्षांची पोरगी अन् पंचाहत्तरीची म्हातारी एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या.

दोघी परत आल्या तर एकही बाई उठून गेली नव्हती. करंज्या मात्र तशाच पडून वाळत होत्या. अंबूआजीनं जागेवर बसत सांगून टाकलं, "मला बी हुतं ते, तिच्यागत." मग हरणाबाई, जगाच्या चौकशा करणारी हरणाबाई, पिठाचा गोळा उगीचच मळत बोलली, "पाडव्याला नणंदा आल्या, की मी न्हाणीत नळ सोडून बसती. अर्धा अर्धा तास. आमच्यांना वाटतंय, बाई लय स्वच्छ हाय."

सगळ्या अशा हसल्या, की हसता हसता दोघींनी डोळे पुसले. मग आणखी एक बोलली. तिला दिवाळीच्या आठवड्यात झोपच लागत नव्हती. आई सगळ्यांकडं पाळीपाळीनं बघत होती. वर्षभर तिलाही वाटत होतं, की अशी पोर फक्त आपल्याच घरात आहे.

ठरलं कसं, कुणी ठरवलं, ते नीट सांगता यायचं नाही. पण शेवटची करंजी तळून निघेस्तोवर आळीचा कायदा झाला होता. दिवाळीत कुठल्याही घरातलं कुणीही, भरल्या पाहुण्यांतनं उठून "शेळ्यांना पाला टाकून येते," म्हणालं, तर जाऊ द्यायचं. मागं जायचं नाही. आल्यावर विचारायचं नाही.

"पाला मातुर घरनं आणायचा," अंबूआजीनं बजावलं. "फुकट बसायला ही काय यष्टी ष्ट्यांड न्हाई."

त्या दिवाळीत रहिमतपुरात सगळ्यात जास्त फराळ कुणी केला असेल, तर त्या चार शेळ्यांनी. लक्ष्मीपूजनाला हरणाबाई शेडमध्ये येऊन गेली. पहिल्या आंघोळीच्या दिवशी शिवांजलीही गेली, घरी पप्पांचे मित्र जमून टक्क्यांवर आले तेव्हा. दहा मिनिटांत परत येऊन तिनं चिवडा खाल्ला अन् टक्केही सांगून टाकले.

पाडव्याच्या सकाळी ती नुसतीच शेवरी टाकायला गेली, तर शेडमध्ये लालासाहेब सुभेदार बसलेले. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस आळीतल्या पोरांना नुसत्या मिशीनं घाबरवायचा. कडक इस्त्रीचा झब्बा, अन् मांडीवर लिंबाचा टहाळा. त्यांच्या घरी नातेवाइकांच्या दोन गाड्या आल्या होत्या. शिवांजलीला बघून ते ताठ झाले.

"पाला टाकाया आलतो," ते म्हणाले. कपाळावर घाम होता.

शिवांजलीच्या जिभेवर चार प्रश्न आले होते. तिनं चारही गिळले. आपली फांदी मधोमध मोडली, अर्धी त्यांना दिली अन् थोडं अंतर ठेवून बसली. शेळी कुरकुरत खात राहिली. बऱ्याच वेळानं सुभेदारांनी लांब श्वास सोडला.

"बत्तीस वर्सं नोकरी केली, पोरी," ते उठताना म्हणाले. "हे मातुर कुणाला सांगाया जमलं न्हाई." तिच्या डोक्यावर हात ठेवला, मिशी सारखी केली अन् पाहुण्यांत निघून गेले.

शिवांजली तिथंच बसून राहिली. ज्यांना घाबरावं अशी माणसंसुद्धा घाबरतात, तर मग सांगलीची मामी? पंचवीस माणसांचा सैपाक, समोर ओरडणारी पोर, अन् हातात एक लिंबू. तिला तरी दुसरं काय सुचणार होतं?

घरी येऊन तिनं आईच्या फोनवरून मामीला फोन लावला.

"मामी, मी शिवांजली. गेल्या वर्षी मला झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. बाहेरचं-बिहेरचं काही नसतं. पुन्हा पण होईल कदाचित. मला फक्त दहा मिनिटं तुमच्या गच्चीवर बसू द्यायचं अन् कुणी मागं यायचं नाही. चालंल का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अगं, मी लय भ्याले हुते गं तवा," मामी म्हणाली. "तू निळी पडल्यागत दिसत हुतीस. काय बोलून गेले मी... वर्सभर फोन हातात घेती अन् ठेवती. तुझी आई काय म्हणंल, ह्या भीतीनं छातीत धडधडतंय माझ्या." मग आवाज जरा सावरला. "गच्चीच्या दाराला मी सोता टेकून बसती. बघू कोण येतंय वर. या गं तुमी. तुझ्या मामानं कालपासनं दाढी केली न्हाई, रुसलाय."

त्या संध्याकाळी आईनं पप्पांना ओवाळलं. पप्पा लाडू फोडत होते, आई ताट उचलून ठेवायला निघाली होती. शिवांजली दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"आई, पप्पा, बसा जरा. सकाळी मी मामीला फोन केला होता."

आईनं ताट खाली ठेवलं. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तू वर्षभर माझ्यासाठी गप्प राहिलीस. आळीनं मला बोलायला शिकवलं, मग मी तुझ्यासाठी बोलले. मामी रडली, आई. तिलाही भीती वाटत होती, तुझी."

आई ताटापुढंच खाली बसली. पप्पांनी लाडू वाटीत ठेवला. "आन् तिथं तुला पुन्हा झालं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं तर सांगीन. सगळ्यांसमोर सांगीन, गच्चीवर जाईन, उतरलं की खाली येईन. अन् सुट्टी संपली की मंगळवारी दवाखान्यात प्रांजल मॅडमकडं जायचं, तुम्ही दोघांनी बरोबर यायचं. ते नंतरचं. आधी उद्याचं ऐका. सकाळच्या गाडीनं आपण तिघं सांगलीला जातोय. पप्पा, स्टेशनवर सोडायला रिक्षा सांगून ठेवा. आई, तू ओवाळायचं सामान काढ. मी ठरवलंय."