ढिली तात

मी एक जुनी धुनकी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिले नसेल. पिंजारी जिने कापूस पिंजतो, ती माणसाच्या उंचीची लाकडी कमान म्हणजे मी. माझ्या दोन टोकांना आतड्याची दोरी बांधलेली असते. तिला तात म्हणतात. तातीवर दांडक्याचा ठोका पडला की ती थरथरते आणि कापसाचे गोळे सुटतात. तात जितकी ताठ, तितका कापूस मोकळा. माझे शास्त्र एवढेच.

अचलपूरच्या एका सुताराने मला घडवले आणि जैनुद्दीन नावाच्या तरुण पिंजाऱ्याने खांद्यावर घेतले. आम्ही एसटीने चांदूर बाजारला जात असू, कधी तेल्हाऱ्यापर्यंत. कंडक्टर म्हणे, "मियाँ, इचं बी अर्धं तिकीट काढा." ज्या घरी लग्न ठरले असेल तिथे आम्हाला अंगण झाडून मिळे. माझा आवाज ऐकून गल्लीतल्या बायका गाद्या भरायला येत आणि कापूस हातावर घेऊन "ढगावानी केला" म्हणत.

जैनुद्दीनचा एक नियम होता. जिथे कापूस, तिथे काडी पेटवायची नाही. बिडी ओढणाऱ्याला तो उंबऱ्याबाहेर काढी, मग तो घराचा मालक का असेना. त्याच्या स्वतःच्या घरची चूलही मागच्या मोकळ्या जागेत होती.

पुढे जैनुद्दीनने पिंजायचे यंत्र घेतले आणि मी भिंतीवर गेले. मग फोमच्या गाद्या आल्या. मग शेतीची ती वाईट वर्षे आली. गुलाबी अळीच्या साली बोंडे नीट फुटलीच नाहीत. गावांत लग्ने उरकली जात, पण गाद्या भरून घेणारे कुणी उरले नाही. यंत्र विकले गेले. जैनुद्दीन माझ्यासमोर बाजेवर बसू लागला, हात मांडीवर ठेवून. हळूहळू त्याचे बोलणे थांबले.

मला वाईट वाटले असे सांगायला हवे. पण तसे काही वाटले नाही. तात बराच काळ हलली नाही की लाकूडही गप्प होते.

त्याची बोटे आखडू लागली. डॉक्टर म्हणाले, हात चालवले नाहीत तर मूठ पुन्हा उघडणार नाही. मुलगी शाइस्ता त्याला घास भरवू लागली. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. तो मांडीवरून घरंगळून बाजेखाली गेला.

शाइस्ता बी.एस्सी. झालेली, घरी शिकवण्या घेणारी. एकदा तिच्या मोबाईलवर रानात लाकूड फोडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. ती तो बंद करणार, तोच तिला दिसले की अब्बांची नजर त्यावर थांबली आहे. त्या दिवसापासून ती रानात राहणाऱ्यांचे चॅनेल शोधू लागली.

पुष्कळ सापडले. बहुतेक ओरडणारे. कुणी सुरीच विकत होता, कुणाच्या संगीतापुढे कुऱ्हाड ऐकू येत नव्हती. अब्बा नजर काढून घेत.

शेजारच्या इंदूबाई मजुरीवरून येताना डोकावत. "अवं शाइस्ता, बाप इथं न् तू जंगलात! काय पाहून राहिली व?"

"हे दोघं नुसत्या हातानं महाल बांधून राहिले, मावशी."

"हातानं? मंग धाड त्याइले माह्याकडं. माही भिंत पडेल हाय."

"सावली पाहा ना. आता इकडं होती, आता तिकडं. मधला दिवस गायब. तेवढ्यात मशीन येऊन गेली असन."

तिने अशी परीक्षा ठरवली. ज्यात मधला दिवस गायब नाही आणि ज्यात हात चुकलेला दाखवला आहे, तेच चॅनेल ठेवायचे. फारच थोडे उरले. त्यांत एक म्हातारा होता, कुठल्याशा थंड मुलखातला. बोलणे नाही, गाणे नाही. तो छोट्या कमानीची दोरी एका काडीला वेढून ती काडी फळीवर फिरवत होता, विस्तवासाठी. काडी निसटे, तो पुन्हा बसवी.

"तात ढिली हाय," जैनुद्दीन म्हणाला.

शाइस्ताने मान वर केली नाही. "काय म्हणाले, अब्बा?"

"त्याले येतच नाही. ढिल्या तातीनं काय होते?"

"मंग तुमी दाखवा."

इंदूबाई दारातून म्हणाल्या, "बोलले व बाई! न् बोलले तं काय, खोटच काढली!"

त्याने मला भिंतीवरून उतरवून घेतले आणि माझी तात सोडली. गाठ सोडवताना बोटे ऐकत नव्हती. शाइस्ता हात मागे बांधून उभी राहिली. ती बांबूच्या कामटीला बांधून छोटी कमान झाली. इंदूबाईंनी जळणाच्या भाऱ्यातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, सरळ वाळकी काडी दिली. शेवग्याची फळी आली. मला पुन्हा खिळ्यावर टांगून सगळे मागच्या दाराबाहेर, चुलीजवळ बसले. तिथले सारे मला दिसत होते.

त्याने तात पिंजाऱ्यासारखी ताणली. पहिल्याच ओढीला काडी उडाली.

"जैनुभाऊ, डोया फोडता काय? एकच धड उरला हाय!" इंदूबाई डोळ्यावर हात धरून म्हणाल्या.

त्याने आणखी ताणली. पुन्हा उडाली. कित्येक दुपारी हेच चालले. आयुष्यभर ताणत आलेला हात सैल करायला तयार नव्हता. शाइस्ता काही सांगत नसे. रोज तो व्हिडिओ त्याच्यासमोर ठेवून शिकवणीला बसे.

एका दुपारी त्याने स्वतःच गाठ सोडली आणि तात थोडी ढिली बांधली. काडीभोवती एक वेढा बसला आणि राहिला. काळी भुकटी पडली. धूर आला. भुकटीत लाल ठिपका दिसला.

"कापूस आन," तो म्हणाला.

बाजेखाली, चेंडूजवळ, जुन्या कापसाचा एक गोळा होता. शाइस्ताने तो आणून दिला, पण तो घट्ट बसलेला. तो मोकळा करायला बोटे उघडायला हवी होती. ती उघडली. वेळ लागला, पण एकेक करून उघडली. कापसात ठिपका ठेवून तो फुंकू लागला. आतून लाली पसरली आणि वर ठेवलेल्या वाळक्या गवताने पेट घेतला.

तो दचकून मागे पाहू लागला. "उंबऱ्याबाहेर हाय न आपण?"

"हो, अब्बा."

"मंग ठीक."

त्या संध्याकाळी शाइस्ताने भाकरीचा घास पुढे केला. त्याने ताट स्वतःकडे ओढले आणि भाकरी मोडली.

मित्रांनो, माझी तात आता त्या छोट्या कमानीला आहे. ती कुरकुरते, तो आवाज माझा नाही. मी बिनतातीची काठी झाले आहे आणि त्याबद्दलही मला फारसे काही वाटत नाही. मला पुन्हा तात बांधा, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन, तुमच्या घरात कुणी हात मांडीवर ठेवून बसले असेल, तर त्याची नजर कशावर थांबते ते पाहा. आणि तो गाठीशी झटू लागला, की आपले हात मागे बांधून उभे राहा.