माझी खीळ आणि चार अंडी

थांबा, मित्रांनो. आहात तिथेच थांबा. त्या पांढऱ्या दगडाच्या पुढे पाऊल टाकू नका. आणि आधी मला सांगा, तुम्हांला इकडे पाठवलं कुणी? चेंडू शोधायला आलो असं तर सगळेच सांगतात. राग मानू नका, पण माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. या कडुलिंबाखाली सावलीत बसा. मी असा का आहे ते सांगतो, आणि तुम्हांला पुढे का येऊ देत नाही तेही सांगतो.

मी जमीन दाबून सपाट करणारा एक रूळ आहे. ओतीव लोखंडाचा, जुना, दोन माणसांनी ओढायचा. माझा जन्म चिकलठाण्याच्या एका ओतशाळेत झाला. साचा फोडून मला बाहेर काढलं, अंग अजून पुरतं निवलंही नव्हतं, आणि मला घ्यायला आलेल्या गृहस्थांनी बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक करून विचारलं, "आतून पोकळ तर नाही ना?" जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर वहीम घेतला गेला, तो भोळा कसा राहील, तुम्हीच सांगा.

तिथून मी या गोल्फच्या मैदानावर आलो. विमानतळाच्या पलीकडे तेव्हा नुसतं माळरान होतं. गोल्फ म्हणजे काय, हे मला बरेच दिवस कळलंच नाही. चांगली जाणती माणसं एवढासा पांढरा चेंडू लांब फटकावतात आणि मग भर उन्हात तोच शोधत फिरतात. मला वाटायचं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. चेंडूच्या नावाखाली हे लोक दुसरंच काहीतरी शोधत असणार. पुढे कळलं की तसं काही नव्हतं. ते खरंच चेंडूच शोधत होते.

चेंडू शेवटी ज्या छिद्रात जातो, त्याच्याभोवती मऊ, बारीक हिरवळ असते. ती सपाट ठेवणं हे माझं काम. हिवाळ्यात मला सगळ्यांत मान. पहाटेचं दव उतरलं की मला बाहेर काढत. स्पर्धेला परगावचे पाहुणे येत, हिरवळीवर वाकून बघत आणि म्हणत, "वा, काय गुळगुळीत आहे." मी ऐकून सुखावत असे, पण मनात म्हणत असे, आज एवढं गोड का बोलताहेत?

पावसाळ्यात जमीन माझा भार सोसत नाही, म्हणून मला रजा. मृगाचे मखमली किडे माझ्या पाठीवर चढून बसायचे, तेव्हा हे नक्की माझा गंज खायला आले असणार, अशी माझी खात्री असे. उन्हाळ्यात मात्र सगळं मैदान भाकरीसारखं भाजून निघतं. पाणी मिळतं ते फक्त छिद्रांभोवतीच्या हिरवळीला, नळ्यांमधून, तेही मोजून मापून.

मग एके वर्षी इंजिनावर चालणारा नवा रूळ आला. लाल रंगाचा, साळसूद चेहऱ्याचा. मला पाचव्या छिद्रामागे या कडुलिंबाजवळ आणून सोडलं. कुणी तेल घातलं नाही, कुणी धूळ पुसली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बेकार बसलेल्याला बघायला वेळ भरपूर असतो. मी डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर नजर ठेवू लागलो.

यंदाच्या उन्हाळ्यात मुकादम बद्रीनाथ माझ्याकडे आला आणि त्याने माझा दांडा हलवून पाहिला. हा बद्रीनाथ मैदानावरच्या सगळ्या मजुरांचा मुकादम. माणूस कामाचा, पण माझ्याहून संशयी. मागचा मुरमाड उंचवटा सपाट करून तिथे नव्या खेळाडूंना सराव करायची जागा करायची होती, आणि लाल इंजिनसाहेबांना मुरूम चालत नाही. त्यांचं पोट खरवडतं म्हणे. म्हणून माझी आठवण झाली. बऱ्याच वर्षांनी मला काम मिळणार होतं, आणि मी आतून फुलून गेलो होतो.

नेमकं तेव्हाच मनकर्णाबाईंचं वागणं बदललं.

मनकर्णाबाई म्हणजे इथे गवत वेचणाऱ्या बाई. माहेर सोयगावकडचं. एकट्या राहतात, आणि या मैदानावरचं कामच त्यांच्या घराचा आधार. त्या माझ्या सावलीला बसून भाकरी खात. पण आता खाता खाता त्यांची नजर उंचवट्याकडे जाई. मग उठून तिकडे एक चक्कर मारत, हातभर अंतरावरून वाकून बघत, आणि कुणी येतंय असं दिसलं की गवत वेचायला लागत. तिकडे एक टिटवीही सारखी घिरट्या घालत होती. नळीच्या गळक्या तोंडापाशी जाऊन पोट ओलं करायची आणि परत उंचवट्यावर जाऊन बसायची. मला दोघींचाही संशय आला.

एके दुपारी चेंडूवाला संघपाल तिथून चालला होता. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी उचलणं आणि हरवलेले चेंडू हुडकणं हे त्याचं काम. मनकर्णाबाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या टेकाडावर चार अंडी हायत. कुणाला बोलू नको. तिकडं पाय बी टाकू नको."

मित्रांनो, इथे एक गोष्ट तुम्हांला माहीत पाहिजे. चेंडूवाली पोरं आपसांत झुडपांत सापडलेल्या चेंडूंना 'अंडी' म्हणतात, आणि हे ऑफिसातही ठाऊक आहे. सापडलेला चेंडू ऑफिसात जमा करायचा असा इथला नियम. कुणी तो लपवून बाहेर विकला, तर त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेत नाहीत. आता चार अंडी, तीही लपवलेली, आणि वर कुणाला बोलू नको. माझ्या मनात पाल चुकचुकली. संघपालच्याही मनात चुकचुकली असावी, कारण तो नुसतं "बरं" म्हणून भरभर निघून गेला. आणि कडुलिंबाच्या मागे बिडी ओढत बसलेल्या बद्रीनाथच्या मनात तर दहा पाली चुकचुकल्या.

दुसऱ्या दिवशी त्याहून भयंकर घडलं. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मनकर्णाबाई माझ्याजवळ आल्या. इकडेतिकडे बघितलं. हातात एक दगड घेतला आणि माझ्या दांड्याला आसाशी धरून ठेवणारी खीळ ठोकून ठोकून बाहेर काढली. ती पदराला पुसून ओटीत टाकली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "रागावू नको, बाबा."

रागावू नको. दिवसाढवळ्या माझा अवयव चोरला आणि वर रागावू नको. खीळ नसली की माझा दांडा सुटून पडतो. मग मला ओढणार कशाने? इतक्या वर्षांनी मिळालेलं काम या बाईंनी माझ्या हातचं काढून घेतलं होतं. मी तर नुसता जळत होतो.

संध्याकाळी बद्रीनाथला सुटा दांडा दिसला आणि त्याने थेट तात्यासाहेबांना बोलावून आणलं. तात्यासाहेब क्लबचे चिटणीस. गावाकडे जमीनजुमला, इथे शहरात बंगला, बोलणं सौम्य. चौकशी माझ्यासमोरच झाली. संघपालला विचारलं, तेव्हा त्याने खाली मान घालून खरं तेच सांगितलं, "व्हय सायब, चार अंडी हायत म्हणाल्या. मी नाय घेतली."

तात्यासाहेब मनकर्णाबाईंकडे वळले. "बाई, अंडी आहेत हे खरं का?"

"हायत, सायब."

"मग ऑफिसात आणून द्या, म्हणजे मी हा विषय इथेच संपवतो."

मनकर्णाबाई दचकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाय सायब. जिथं हायत तिथंच राहू द्या. थोड्या दिवसांचा तर सवाल हाय."

बद्रीनाथ नाकातून हसला. तात्यासाहेबांचा आवाज मात्र कडक झाला. "निदान कुठे आहेत ते तरी सांगा. आणि यात आणखी कोण आहे?"

"मी बोट नाय दावणार, सायब. काय बी झालं तरी मी बोट नाय दावणार."

झालं. याहून सरळ कबुली ती कोणती? जोडीदार आहे, पण त्याच्याकडे बोट दाखवायला बाई तयार नाहीत, असाच सगळ्यांनी अर्थ लावला. सगळ्यांच्या नजरा संघपालवर गेल्या आणि त्याचा चेहरा उतरला. तात्यासाहेबांनी खिळीबद्दल विचारलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी नुसती ओटी घट्ट धरली. उद्यापासून कामावर येऊ नका, असं ते म्हणाले. मनकर्णाबाईंनी डबा उचलला आणि त्या निघाल्या. फाटकापर्यंत जाताना त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं, पण माणसांकडे नाही. उंचवट्याकडे.

ते बघताना मला पहिल्यांदा माझ्या संशयाचाच संशय आला. चोरलेल्या मालाकडे माणूस असं बघत नाही. आजाऱ्याला घरी ठेवून निघालेलं माणूस असं बघतं.

दुसऱ्या सकाळी बद्रीनाथने खिळीच्या जागी एक जाडजूड बोल्ट घुसवला. तो आणि संघपाल मला ओढू लागले. बोल्ट सैल होता, दांडा करकरत होता. पण किती वर्षांनी चालत होतो मी. पोटाखाली मुरूम चुरडत होता आणि खोटं नाही बोलत, आनंद झाला होता. उंचवट्याशी दोघांनी दांडा मागे फिरवून मला ढकलत वर चढवलं, आणि तोच टिटवी अंगावर आली.

अशी आली, की बद्रीनाथची टोपी उडाली. टिटिटिव टिटिटिव ओरडत ती वर जायची आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर झेप घ्यायची. त्याने हातवारे केले, शिव्या दिल्या, आणि दांडा पुढे रेटला. मग ती खाली उतरली. माझ्यापुढे जमिनीवर पंख पसरून उभी राहिली. एवढुसा जीव, आणि पुढे माझ्यासारखं धूड. ती हलली नाही.

तिच्या ओल्या पोटाखाली मुरमाचे चार खडे होते. निदान मला ते खडेच वाटले. तोच रंग, तेच काळपट ठिपके. मग मला दिसलं की ते खडे नाहीत.

मित्रांनो, रुळाला स्वतःहून थांबता येत नाही. चढ संपून उतार लागला की तो जातोच. त्या क्षणी मला कळलं की बाईंनी माझी खीळ का काढली होती. मला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच. तेवढ्यात संघपालने दांडा सोडला, पळत पुढे आला आणि एक मोठा पांढरा दगड माझ्या पोटाखाली सरकवला. मी थांबलो. टिटवी आणि मी, मध्ये वीतभर मुरूम.

"मुकादम," संघपाल धापा टाकत म्हणाला, "ही अंडी. बाई ह्या अंड्यांचं बोलत होत्या."

बद्रीनाथने दांडा खाली ठेवला आणि पुढे येऊन वाकून बघितलं. मग त्याने संघपालला ऑफिसात धाडलं.

तात्यासाहेब आले. कुठे आहेत, असं विचारल्यावर बद्रीनाथने हात उचलला आणि बोट सरळ करून दाखवायला गेला. तात्यासाहेबांनी झटकन त्याचा हात धरला. मग हळूच म्हणाले, "बोट वाकव."

लहानपणी त्यांची आई त्यांना काकडीच्या वेलापाशी न्यायची, असं ते सांगू लागले. कोवळ्या काकडीकडे त्यांनी बोट दाखवलं की आई त्यांचं बोट मुडपायची. सरळ बोट दाखवलं तर फळ सडतं, वाढीला लागलेल्या जिवाला नजर होते, असं ती म्हणायची. "मी बोट नाय दावणार, असं ती बाई सांगत होती," तात्यासाहेब म्हणाले, "आणि मी तिला विचारत होतो, जोडीदार कोण."

त्याच दुपारी ते स्वतः मनकर्णाबाईंच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या सकाळी त्या आल्या, तात्यासाहेबांकडे बघण्याआधी माझ्याकडे धावल्या, वाकून पलीकडे बघितलं, आणि मगच त्यांनी श्वास सोडला. बद्रीनाथ समोर उभा होता. चुकलं म्हणाला, आणि मला मागे घ्यायला स्वतःच दांडा धरला. मनकर्णाबाईंनी नुसती मान हलवली.

मला हळूच मागे घेऊन इथे आणलं, या कडुलिंबाजवळ, आणि तो बोल्ट काढून टाकला. मग मनकर्णाबाईंनी ओटीतून माझी खीळ काढून तात्यासाहेबांसमोर धरली. "एवढी चोरी मी केली, सायब. ही घ्या."

तात्यासाहेबांनी ती घेतली नाही. "राहू द्या तुमच्याजवळ," ते म्हणाले, "पिल्लं चालायला लागेपर्यंत."

तेव्हापासून मी असा आहे, मित्रांनो. दांडा बाजूला पडलेला, खीळ बाईंच्या ओटीत. संघपालने तो पांढरा दगड इथे आणून ठेवलाय, कुणी पुढे येऊ नये म्हणून. आजवर मला हजार वेळा ओढलं गेलं, पण एका जागी उभं राहण्याचं काम मला कुणी दिलं नव्हतं. ते आता मिळालंय. म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतो, आणि तुम्हांलाही हटकलं.

तुमच्याकडे तेल मागावं, गंजाची तक्रार करावी, असं आधी मनात होतं. आता एवढंच मागतो. माझ्यासारखं जड काहीही पुढे ढकलायची वेळ आली, मग ते लोखंड असो की संशय, तर आधी पुढची जमीन वाकून बघा.

चला, उठा. बघायचंय ना? त्या दगडापासूनच बघा. अंड्यांना उन्हात गारवा मिळावा म्हणून ती पोट ओलं करून आत्ताच येऊन बसली आहे. दिसली? मागच्या मित्राला दिसत नसेल तर त्यालाही दाखवा.

अं हं. बोट वाकवा आधी.