दोनदा काढलेली धूळ

हनुमंतरावांची एक खोड होती. कुणाला फाडून खायचं असलं की ते मराठीत खायचे, आणि तेही हसत हसत. तंजावूरजवळच्या त्या विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात, मराठी समजणारी माणसं दोनच. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी हरिता. दोघांची घरं राजवाड्यामागच्या एकाच गल्लीत. ती त्यांच्या चुलत बहिणीची मुलगी, म्हणून घरी ते मामा आणि विभागात सर. सर तमिळमध्ये सगळ्यांशी गोड बोलत, घरची जुन्या वळणाची तंजावुरी मराठी तेवढी हरितासाठी राखून ठेवत. बाकीच्यांना वाटायचं, मामा-भाची घरचं काही बोलताहेत, केवढी ही माया. डोंबलाची माया. ते तिला गाढवीण म्हणत आणि सगळे कौतुकानं बघत राहत.

हरिताचं काम धूळ मोजायचं. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, जिथं नवे तारे जन्मतात अशा दीर्घिकांत धूळही मुबलक असते आणि ती ताऱ्यांचा प्रकाश गिळते. किती गिळला हे कळल्याशिवाय तारे किती जन्मले ते सांगता येत नाही. तिथला तापलेला हायड्रोजन निळसर आणि तांबडा प्रकाश ठरलेल्या प्रमाणात देतो, निळसर एक भाग तर तांबडा जवळजवळ तीन. धूळ निळसर जास्त अडवते. मळणीचा धुरळा उडाला की मावळता सूर्य तांबडा दिसतो, तसंच. प्रमाण जितकं बिघडलं तितकी धूळ जास्त, आणि तेवढा प्रकाश गणितात परत घालायचा.

याच विषयातल्या एका जुन्या लेखानं हनुमंतरावांचं नाव झालं होतं. त्यांच्या दीर्घिका इतरांच्यापेक्षा तिप्पट वेगानं तारे घडवत होत्या. त्या लेखावर त्यांना पद मिळालं, खांद्यावर शाली पडल्या. तिसऱ्या वर्षी मूळ तक्ते चाळताना हरिताला एक तळटीप दिसली. तक्त्यातला प्रकाश धुळीची भरपाई करूनच छापलेला होता. लेख लिहिताना सरांनी ती टीप वाचलीच नव्हती आणि तीच भरपाई पुन्हा केली होती. जिथं एकदा तिनानं गुणायचं तिथं दोनदा गुणलं होतं. धुतलेलं धुवावं तसा प्रकार, फक्त इथं धुण्यातून कीर्ती निघाली होती.

तिनं हे आपल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं. सरांनी ती पानं तिच्याकडे परत ढकलली आणि हे प्रकरण काढ म्हणाले. ती नाही म्हणाली. तिथून दोन वर्षं त्यांनी तिला सुखानं बसू दिलं नाही. तिची जागा जिन्याखाली हलवली, परिषदांची पत्रं अडवली. वर तिच्या घरी जाऊन तिच्या आईच्या, विशालाक्षीच्या, हातचे डोसे खाल्ले आणि पोरगी हाताबाहेर गेली असं सांगून आले. आई रडली. घरच्या माणसाशी वैर कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणाली. हरिताला त्या मुठीची किळस आली होती. तिला मामांचा रागच यायचा, दुसरं काही नाही, आणि तिनं तो कधी लपवला नाही.

मग समितीची बैठक आली. प्रबंध सादर करायची परवानगी त्याच दिवशी मिळायला हवी होती, महिनाअखेर तिची मुदत संपत होती. नाहीतर पाच वर्षं पाण्यात. समोर अध्यक्ष रामस्वामी, त्यांच्याशेजारी तिरुचिहून आलेले वैद्यनाथ, आणि कडेला सर. हरितानं सगळं मांडलं आणि शेवटी चौथं प्रकरण पडद्यावर लावलं.

वैद्यनाथ पुढं वाकून आकडे वाचू लागले. सरांनी चष्मा पुसला, तोंडभर हसले आणि तिच्याकडे वळून आपल्या राखीव भाषेत सुरू झाले.

"मज ठावें नाही असं वाटलं कां तुला? धूळ दोनदा काढली हें मज पाच वर्सं झालीं ठावें आहे. आतां सांगून मी तोंड कोठ दाखवूं? तें पान काढ. चूक तुझीच झाली म्हणून सांग, आणि उगी बस. नाहीतर मी सही करणार नाहीं, तुझा प्रबंध कुजूं दे."

रामस्वामींनी मायेनं मान डोलावली. घरचं काही का, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. पोरगी घाबरली आहे, धीर देतोय, असं सरांनी तमिळमध्येच सांगितलं.

आई हरिताला आयुष्यभर बोल लावणार होती. तिनं टेबलाची कड धरली आणि तमिळमध्ये, सावकाश, मामा जे बोलले ते पहिल्या शब्दापासून सांगायला लागली. मला ठाऊक नाही असं वाटलं का तुला. धूळ दोनदा काढली हे मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. सहीपर्यंत आली, कुजू दे म्हणाली, आणि थांबली. वैद्यनाथांनी पेन खाली ठेवलं. रामस्वामी सरांकडे बघत होते, आणि त्यांची मान आता डोलत नव्हती.

ही खोटं बोलते, एवढं एक तमिळ वाक्य पुरलं असतं. पण भाचीवर तोंड टाकायचं ते मराठीतच, ही ती लहान असल्यापासूनची सवय. सरांच्या तोंडून मराठीच निघाली.

"घरचं बोलणं असं चारचौघांत सांगतेस? लाज नाहीं तुला?"

हरितानं तेही तमिळमध्ये सांगितलं.