कानामागचा डाग

पहिला दगड खिडकीतून आला तेव्हा हॉस्पिटलच्या शवागारातली टायपिस्ट, जिला सगळे टकटक म्हणायचे, मेलेल्या हमालाचा शवचिकित्सेचा अहवाल सेव्ह करत होती. दुसरा तिच्या कपाळावर बसला. मग पंधरा-वीस माणसं आत घुसली. रखवालदाराने मधे पडायचा शहाणपणा केला आणि त्याचे पुढचे दोन दात फरशीवर पडले. एकाने कॉम्प्युटर उचलून आपटला, दुसऱ्याने कपाट लाथांनी चेपलं.

डॉक्टर कुठे होते? शवचिकित्सेच्या खोलीमागच्या कोठीत, फिनेलच्या कॅनआड. बाहेर गलका वाढला तेव्हाच त्यांना तिथे ढकलून बाहेरून कुलूप टकटकनेच लावलं होतं, आणि किल्ली तिच्या मुठीत होती. वॉर्डातल्या चार माणसांनी बाकडी आडवी धरून जमावाला कसंबसं बाहेर लोटलं, लोखंडी दार ओढलं आणि बाहेरून हमालाचा थोरला भाऊ गरजला, "तासाभरात रिपोर्ट द्या! 'हार्ट अटॅक' लिहिलंत तर तुमच्या डॉक्टरलाच त्या टेबलावर आडवा करतो!"

गंमत म्हणजे अहवालात तसं काही नव्हतंच. गोदामाच्या मुकादमाने हमालाला पहारीने मारलं होतं आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, टकटकने तेच टाइप केलं होतं. नेमकी ती फाईल सेव्ह होता होता कॉम्प्युटर फरशीवर गेला.

पोलीस निघाले होते म्हणे. टकटकने कपाळावर बोळा दाबला आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्याला आडवी भेग गेली होती, तरी दिसत होतं. फाईलवर क्लिक केलं तर उत्तर आलं, 'फाईल खराब झाली आहे, उघडता येत नाही.' बाहेर दारावर पहार बसली. तीच पहार नसेल कशावरून, असा भलता विचार तिच्या मनात आला.

फाईली दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर तिने मागेच भरून घेतलं होतं. तिच्या एका खोडीमुळे ते लागायचंच. नवा अहवाल नव्या फाईलमध्ये लिहायचा कंटाळा. कालच्या मेलेल्याचा मजकूर पुसायचा आणि त्याच फाईलमध्ये आजचा भरायचा, वर्षानुवर्षं हेच. डॉक्टरसाहेब ओरडायचे, ती हो म्हणायची, आणि पुन्हा तेच करायची.

'फक्त मजकूर वाचवा' असं तिने निवडलं. हिरवी पट्टी सरकू लागली. बाहेर दाराची वरची बिजागरी निखळली.

आधी हमाल आला. कवटी मागून फुटलेली, डाव्या तीन बरगड्या मोडलेल्या. सगळं शाबूत होतं. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढाच मजकूर वेगळा काढून प्रिंटला देणार, तेवढ्यात खालचा मजकूर तिला दिसला. त्या जुनाट प्रोग्रॅममध्ये पुसलेलं खरं पुसलं जातच नव्हतं, नुसतं झाकलं जात होतं. सॉफ्टवेअरने सगळं झाकण उघडलं होतं. भाजलेली बाई, ट्रकखाली गेलेला माळी, वीज लागलेला वायरमन, एकाखाली एक सगळे मेलेले वर आले होते.

आणि त्यांच्यात एक जण होती.

'स्त्री, वय सत्तावीस. ओळखखूण: उजव्या कानामागे इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग.'

तो डाग टकटकने स्वतः दिला होता, नऊ वर्षांची असताना, धाकट्या बहिणीचे कुरळे केस सरळ करायच्या नादात. आईने तिला दोन दिवस बदडलं होतं.

धाकटी पाण्याच्या टाकीत बुडून मेली, असं सगळ्यांना ठाऊक होतं. टकटक त्या दिवशी रजेवर होती, तो अहवाल साहेबांनी स्वतः तिच्याच फाईलमध्ये दोन बोटांनी टाइप केला होता. धाकटीचा नवरा सगळ्यांत जास्त रडला. तेव्हापासून दर रविवारी तो टकटककडे जेवायला यायचा आणि ती त्याला वाढायची.

पडद्यावर लिहिलं होतं: 'गळ्यावर दोन अंगठ्यांचे वण. फुप्फुसांत पाणी नाही. मृत्यू गळा दाबल्याने.' त्याच्याखाली दुसरा मजकूर होता: 'मृत्यू बुडून.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हमालाचा आणि धाकटीचा, दोन्ही अहवाल छापले, कोठीचं कुलूप काढलं आणि साहेबांना कॉलर धरून बाहेर खेचलं.

"हे कुणी लिहिलं?"

त्यांनी कागद वाचला आणि ते खालीच बसले. "आधी खरंच लिहिलं गं मी. हात आपोआप लिहून गेला. मग तिचा नवरा आला. माझ्या मुलीची शाळेची बस किती वाजता कुठल्या कोपऱ्यावर थांबते, ते त्याने मला सांगितलं."

"आणि तुम्ही पुसलंत! तीन वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायलात!" तिने त्यांच्या थोबाडीत मारली. दुसरीही मारली. चष्मा उडाला. तिला तिसरी मारायची होती, चौथी मारायची होती, दार उघडून हा माणूस त्या पहारीपुढे टाकायचा होता. दोन पावलं तर होती.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. कागदावर सही नव्हती. सही नसलेला कागद कोर्टात कोण विचारतो? आणि सही करणाराच मेला तर?

ती परत आली. "दोन्हींवर सही करा. धाकटीच्या कागदावर लिहा, हा मजकूर माझा, धमकीमुळे पुसला. तारीख टाका."

साहेबांनी लिहिलं. शेवटचं अक्षर होतं न होतं तोच दार आत कोसळलं.

थोरला सरळ साहेबांवरच आला. "थांबा, वाचा तरी!" असं ओरडत टकटकने हमालाचा कागद पुढे केला, पण पहार वर गेली होती आणि वर गेलेली पहार कागद वाचत नाही. तिने स्वतःला साहेबांवर झोकून दिलं. पहार तिच्या उजव्या हातावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती किंचाळली, पण उठली नाही.

थोरल्याच्या हातून पहार गळली. कुणीतरी तिच्या मुठीतून कागद सोडवून मोठ्याने वाचला. पहार, कवटी, बरगड्या, खून. थोरला भिंतीला टेकून हमसून हमसून रडू लागला. "बाई, ह्या डॉक्टरसाठी तुम्ही हात मोडून घेतलात?"

"ह्याच्यासाठी?" तिला हसू आलं, त्याने कळ आणखी वाढली. तिने खाली दबलेल्या साहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना अरे-तुरे करत बोलली. "ऐकतोस ना? आता मरायचं नाही तू. माझ्या धाकटीचं कोर्टात सांगितल्याशिवाय ताप आला तरी मरायचं नाही."

पोलीस आले तेव्हा सगळं निवलं होतं. हवालदाराने धाकटीचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हा नवरा आता कुठे सापडेल?"

"शोधायला नको," टकटक म्हणाली. मोडलेला हात तिने मांडीवर धरला होता. "उद्या रविवार आहे. बाराला माझ्या घरी या. जेवायला तो कधी उशीर करत नाही."