वापरकर्ता : रक्षा

माउसच्या पोटातला तांबडा उजेड टेबलाच्या काचेवर सांडला होता, आणि रक्षाचा हात त्यावर नसतानाही तो मधूनच थरथरत होता... काच सैल असेल, वरठीच्या रस्त्याने ट्रक जातात त्याने. पडद्यावर तेच वाक्य — नोंद दुसरीकडे उघडी आहे. वापरकर्ता : रक्षा.

"ताई, तुमचंच नाव येऊन राहिलं," रक्त तपासणारा कैलाश म्हणाला. "बाहेर लोकं थांबून आहेत. डेंग्यूचे रिपोर्ट निघूनच नाही राहिले."

ती तर आत्ता आली होती, आणि प्रोग्रॅममध्ये शिरली होती ती कैलाशच्या नावाने. प्रोग्रॅम मधेच बंद पडला की नोंदीवरचं कुलूप मागे राहून जातं, एवढंच. लॅबमध्ये तो तिनेच बसवला होता. तिने ते कुलूप पुसलं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. पुन्हा रक्षा. मग आतल्या खोलीतल्या संगणकावरचा बॅकअप तीच फाइल धरून बसलेला सापडला. तो थांबवताच प्रिंटर खडखडला, कैलाश कागद घेऊन बाहेर गेला, तिने श्वास सोडला... पण एक नोंद अजूनही उघडेना. मंदाबाई, वय अठ्ठावन्न.

आई. उन्हाळ्यात हाच रिपोर्ट तिने इथे, याच खुर्चीत, सगळ्यांच्या आधी वाचला होता — पांढऱ्या पेशींचा आकडा, मग पुन्हा तोच आकडा — आणि बाहेर बाकावर आई पदराने वारा घेत, काचेतून विचारत, झालं का वं, रक्षा? झालं, मी म्हटलं, चाल. मग नागपूरचा दवाखाना, मग घाट... पण खुर्चीतून उठलं कोण? ते उठणं तिला काही केल्या आठवेना.

तिने आतल्या संगणकाची वायर उपसली. आता जोडलेलं दुसरं काहीच नव्हतं. वापरकर्ता : रक्षा.

"काढून टाका ना ती नोंद," कैलाश दारातून म्हणाला. "कायले ठेवता? कोणाले लागते आता?"

बॅकअपमधली जुनी प्रत चढवली की सुटेल. एवढंसं काम. पण या खुर्चीत कुणीतरी अजून वाचतं आहे, वाचून अजून व्हायचं आहे, आणि तोवर बाहेर बाकावर आईचं वारा घेणं चालूच असेल...

"राहू दे," ती कुजबुजली, आणि आपण कुजबुजलो याचंच तिला नवल वाटलं. मघापासून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, अर्धी जागा मोकळी सोडून. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय तेवढा बदलला. आत सरकली नाही.